ड्रम सर्कल घेताना या चुका टाळा

ड्रम सर्कलमध्ये वीस जण वर्तुळात बसून जेंबे (हातांनी वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल) वाजवू लागले की पाच मिनिटांत आवाज चढतो, आवाजाबरोबर लय चढते आणि सुरुवातीला मजेत डोलणारी मंडळी धापा टाकू लागतात. अशा वेळी ‘हळू, हळू’ असे ओरडणे किंवा स्वतः आणखी जोरात वाजवून लय ओढून धरू पाहणे ही नवख्या संचालकाची सर्वांत मोठी चूक होय. दोन्ही हात जमिनीकडे उतरवून आवाज कमी करण्याची खूण करावी, जेंबे थांबवून केवळ डुंडुन (काठीने वाजवायचे खर्जाचे ढोल) आणि त्यावरची घंटा चालू ठेवावी आणि चार-आठ आवर्तनांनी बाकीच्यांना परत घ्यावे. गिनी आणि मालीच्या मांडिंग लोकांच्या परंपरेत डुंडुनबा, सांगबान आणि केनकेनी या तीन डुंडुन ढोलांवर ताल उभा असतो व जेंबे त्यावर बोलतो. त्यामुळे वीस जेंबे आणि एकही डुंडुन नसलेले सर्कल म्हणजे टाळांशिवायचे भजन. डुंडुन मिळत नसेल, तर ढोल-ताशा पथकात ठोका सांभाळलेला एखादा स्थिर हाताचा माणूस खर्जाच्या ढोलावर बसवावा.

जेंबेचा खर्ज निघत नाही, ही तक्रार हमखास येते. ढोल जमिनीवर सपाट टेकवला की खालचे तोंड बंद होऊन आवाज घुसमटतो. तो गुडघ्यांत धरून पुढे कलता ठेवावा आणि पानाच्या मध्यावर पडलेला तळहात लगेच उचलावा. (पावसाळ्यात बकऱ्याचे कातडे ढिले पडते, त्याचा दोष वादकाला देऊ नये.) कडेवरचे ‘टोन’ (मोकळा, गोल आवाज) आणि ‘स्लॅप’ (तीक्ष्ण थाप) वेगळे ऐकू येत नसतील, तर आधी तोंडाने म्हणून घ्यावे. नायजेरियाचे ढोलवादक बाबातुंडे ओलातुंजी खर्जाला गुन-दुन, टोनला गो-दो आणि स्लॅपला पा-ता असे बोल शिकवीत. तबल्याचे बोल घोकलेल्यांना ते पटकन बसतात.

क्यूबाची सोन क्लावे (पाच आघातांचा पायाभूत ठेका) शिकवताना मात्र हीच तबल्याची सवय आडवी येते. तिच्या तीन-दोन रूपात (आधी तीन, मग दोन आघात) सोळा मात्रांपैकी १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर आघात येतात. तीनतालात मुरलेला हात चौथीवरचा आघात नकळत पाचवीवर ढकलतो आणि क्लावेचा जीवच जातो. पायाने १, ५, ९, १३ धरावे आणि हाताने क्लावे वाजवावी.

थांबण्याची खूण वादन सुरू होण्यापूर्वीच शिकवावी. ती करण्याच्या क्षणी संचालकाने स्वतःचा जेंबे बाजूला ठेवलेला असावा, कारण दोन्ही हात ढोलावर असतील तर खूण करायला हातच उरत नाही.