पाऊणकी, पाऊसमापक आणि आगळ: किनाऱ्यावरच्या प्राथमिक वर्गासाठी करून शिकण्याचे उपक्रम

कोकणातल्या शाळेला साहित्याची वानवा नसते. हीर (माडाच्या पात्यांमधल्या ताठ काड्या), चिंचोके, करवंट्या, जास्वंद, सगळं आवारात नाहीतर शाळेच्या वाटेवर मिळतं. तरी उपक्रम फसतात. मुलं दंगा करतात, मजा येते, आणि वहीत काहीच उतरत नाही. म्हणून आधी वहीच्या पानावर तीन रकाने आखून घ्या: अंदाज, माप, फरक. अंदाज लिहिल्याशिवाय कुणी मोजायला हात लावायचा नाही, आणि चुकलेला अंदाज खोडायचा नाही. पुढचे उपक्रम तिसरी-चौथीसाठी आहेत. दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर मोठ्यांनी मोजायचं आणि धाकट्यांनी रकाने भरायचे.

हिरांचे दशक

एक वाळकी झावळ वर्गात आणा आणि विचारा, यातून हीर किती निघतील? पन्नासपासून हजारापर्यंत उत्तरं येतात. चांगल्या वाढलेल्या माडाच्या झावळीला दोनशेच्या आसपास पाती असतात आणि प्रत्येक पातीला एक हीर. मुलांनी पात्या सोलून हीर काढावेत, त्यांचे वीतभर तुकडे करावेत आणि दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधाव्यात. टोकं तिरकी कापली तर टोचतात, सरळ कापा.

जुड्या मुलांनीच बांधायच्या. तुम्ही तयार करून दिल्यात तर ‘दशक’ हे त्यांच्या लेखी एक जाड काडीच राहतं. ५२ मधून २७ वजा करताना एक जुडी खरोखर सोडावी लागते. हातचा म्हणजे काय, ते तिथे हाताला कळतं.

मोजायला चिंचोके उत्तम. कच्च्या काजूबिया मात्र देऊ नका, त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी. त्याही नकोत.

पाऊसमापक

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस दाराशीच असतो. पहिल्याच आठवड्यात मापक बसवा.

१. दोन लिटरची, कमरेत न दबलेली, सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या. खांद्याखाली, जिथून भिंत सरळ होते तिथे कापा. कापायचं काम तुमचं, मुलांचं नाही.

२. बाटलीचा तळ उंचसखल असतो. त्यात बारीक खडे भरा आणि सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी ओता. त्या पातळीला शून्याची रेघ. ही पायरी गाळली की पहिल्या दिवसापासून सगळी मापं चुकतात.

३. शून्यापासून वर मिलिमीटरची कागदी पट्टी लावून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी फिरवा. शाईऐवजी पेन्सिल वापरा. शाई दोन दिवसांत फुटते.

४. कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. त्याच्या तोंडाचा आणि बाटलीचा व्यास एकच हवा. मोठं नरसाळं लावलं तर जास्त पाऊस गोळा होतो आणि पट्टी खोटं बोलते.

५. चार चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) बेचक्यात बाटली घट्ट उभी करा. तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंच ठेवा, नाहीतर अंगणातला चिखल उडून आत जातो.

जागा निवडताना सर्वांत जास्त चुका होतात. ओसरीजवळ ठेवलं की पागोळ्यांचं पाणी पडतं आणि मुलं आनंदाने ‘आज चारशे’ लिहितात. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा.

हवामान खात्याचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठला बदलतो. शाळा उशिरा भरत असेल तर तुमची वेळ वेगळी चालेल, पण ती रोज तीच हवी. नोंद झाली की शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ठेवून बाकीचं ओता. उघडीप लागली की हे शून्याचं पाणीही आटतं, तेवढी भर घाला. सोमवारचं माप दोन दिवसांचं असतं. ते निम्मं करून दोन्ही रकान्यांत लिहू नका, ‘शनि-सोम’ म्हणून एकच नोंद करा. आषाढात बाटली एका दिवसात तुडुंब भरू शकते. कोसळत असेल तेव्हा दुपारी एकदा मोजून ओता आणि सकाळच्या मापात मिळवा.

स्तंभालेखाला एक चौकोन म्हणजे १० मिलिमीटर धरा. दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मोजतात. त्या रेघा तक्त्यावर आधीच आखून ठेवा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. भिंतीवर तेवढ्या उंचीची रेघ ओढून मुलांना शेजारी उभं करा. तिसरीतल्या बऱ्याच पोरांच्या छातीशी येते.

इथून छपराचं गणित निघतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराखालची जमीन ८ मीटर बाय ६ मीटर असेल आणि ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २४०० लिटर. सोळा लिटरच्या दीडशे बादल्या. अंदाजात बहुतेक मुलं वीस-पंचवीसच लिहितात.

भरती आणि पाऊणकी

पाव, निम आणि पाऊण यांचे पाढे मुलांना रटाळ वाटतात. किनाऱ्यावर मात्र पाऊणकीचा, म्हणजे पाऊणच्या पाढ्याचा, रोजचा उपयोग आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून धरायची. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, मधली ओहोटी सव्वासहा तासांनी.

दिनदर्शिकेवरून पंधरा दिवसांच्या तिथी उतरवून मुलांना वेळा काढायला सांगा. प्रतिपदेचं पाऊण म्हणजे पाऊण वाजता, हे एकदा घड्याळ फिरवून दाखवा. मग प्रत्यक्ष वेळ. शाळेच्या वेळेत भरती सापडायला अमावास्या-पौर्णिमेपासून पंचमीपर्यंतचे दिवस चांगले. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी बघायला मिळते. जेटीच्या खांबावर किंवा पायऱ्यांवर दर दहा सेंटीमीटरला रंगाचे पट्टे एखाद्या मासेमार पालकाकडून ओहोटीला मारून घ्या. मुलं काठावरूनच वाचतील, पाण्यात कुणी उतरायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. पाणी मधल्या तासांत भराभर चढतं आणि शेवटी रेंगाळतं, म्हणून ‘भरती आली’ तो नेमका क्षण ठरवण्यावरून भांडणं होतात. होऊ द्यात.

फरकाचा रकाना इथे सर्वांत बोलका. पौर्णिमेचं उत्तर येतं सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेचं पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी कशी? चौथीतली मुलं हे पकडतात. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे जाते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊणकी धरते ४५. रोजची तीन मिनिटं साचत पंधरा तिथींत पाऊण तास होतो. शिवाय गाव खाडीत जितकं आत, तितकी भरती उशिरा. आठ-दहा नोंदी झाल्या की ‘आपल्या गावाला इतकी मिनिटं मिळवा किंवा वजा करा’ अशी दुरुस्ती वर्गानेच काढावी.

पाणी किती चढलं याचीही नोंद करा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) जास्त, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) कमी. हे शब्द कोळीवाड्यातल्या मुलांना घरूनच माहीत असतात, समजावून सांगायला त्यांनाच उभं करा.

हळद, जास्वंद, आगळ

हा उपक्रम दिवाळीनंतर ठेवा. पावसात पट्ट्या वाळत नाहीत, बुरशी धरतात. एका पट्टीसाठी हळदीची पेस्ट पांढऱ्या कागदाला चोळून सावलीत वाळवा. दुसरीसाठी दहा-बारा लाल जास्वंदींच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून त्यात टीपकागद बुडवा. आंबट पदार्थाने जास्वंदीची पट्टी गडद गुलाबी होते, चुन्याच्या निवळीने हिरवी. हळदीची साबणाने लाल होते आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. साबणाच्या पाण्यात काडी बुडवून हळदीच्या कागदावर नाव लिहिलं की ते लाल उमटतं; यात वर्ग अर्धा तास रमतो.

तपासायला लिंबू, ताक, खाण्याचा सोडा, समुद्राचं पाणी आणि कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा दाट आंबट रस, ठेवा. आगळाचा स्वतःचाच रंग दाट असतो, तो पट्टीवर चढून निकाल झाकतो, म्हणून चमचाभर आगळात पेलाभर पाणी घाला. निवळी तुम्हीच ड्रॉपरने टाका, मुलांच्या डोळ्यांपासून लांब. समुद्राच्या पाण्याने पट्टी फारशी बदलत नाही, आणि ‘खारट म्हणजे आंबटासारखंच असेल’ असा अंदाज लिहिलेली मुलं पुन्हा पुन्हा ती बुडवत राहतात.