हायब्रिडचा थर्मोस्टॅट काढू नका, बदला

जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकला की ‘थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाका, इंजिन थंड राहील’ हा सल्ला हमखास मिळतो. हायब्रिड गाडीत तर तो मुळीच ऐकू नका. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय गाडीचा संगणक ते बंद होऊ देत नाही. सिग्नललाही ते चालूच राहतं आणि ज्या ॲव्हरेजसाठी हायब्रिड घेतली, तेच घसरतं.

थर्मोस्टॅटमधलं मेण बहुतेक गाड्यांत 82 अंशांच्या आसपास वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव, रेडिएटरकडे जातं. तो उघडा अडकला तर हायवेवर स्कॅनरवरचं (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावरचं) तापमान 60-70 पर्यंत उतरतं, इंजिन पुरेसं तापत नसल्याचा पी 0128 कोडही येतो. धुळ्याच्या थंडीत हे लवकर कळतं. बंद अडकला तर गाडी थेट ओव्हरहीट होते. मग ती पुढे रेटू नका.

काम इंजिन पूर्ण गार असतानाच करा. गाडी ‘रेडी’वर, म्हणजे चालू स्थितीत, राहिली तर इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं, म्हणून ती बंद करून स्मार्ट की लांब ठेवा आणि 12 व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात नको. बऱ्याच हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या भागाच्या) कूलंटची टाकी वेगळी असते; ती उघडू नका.

रेडिएटरच्या खालच्या नळातून कूलंट स्वच्छ घमेल्यात काढा, होजची क्लिप सरकवा, हाउसिंगचे बोल्ट खोला. जुना थर्मोस्टॅट कसा बसला होता त्याचा फोटो घ्या. नव्याची छोटी हलती पिन बहुधा वरच्या बाजूला येते, कारण तिथूनच हवा निघते. रबर रिंग नवीच घाला. जुनी पुन्हा बसवली की आठवड्यात गळती. बोल्ट लहान आणि हाउसिंग ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं, त्यामुळे मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकेच (तिथे दिलेल्या जोराइतकेच) आवळा.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच भरा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

खरी मेहनत हवा काढण्यात आहे. अनेक हायब्रिडमध्ये वॉटर पंप बेल्टवर नसून विजेवर चालतो, म्हणून बॅटरीची तार परत जोडून स्कॅनरवरून पंप फिरवा. मग मेंटेनन्स मोडमध्ये (यात इंजिन सतत चालू राहतं), हीटर फुल गरम ठेवून, फॅन लागेपर्यंत इंजिन चालवा. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली किंवा हीटर गार वारा देत असेल, तर हवा अजून आत आहे. ती निघेपर्यंत चाळीसगावचा कन्नड घाट चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी पाहून ‘फुल’च्या रेघेपर्यंत भरा.