कॉइलओव्हर बसवताय? या चुका टाळा

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला, उंची बदलता येणारा सस्पेन्शन सेट. तो घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'गाडी किती खाली बसेल?' हा असतो आणि पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच निघतात. आधी बघायचं ते शॉकअपला वर-खाली व्हायला किती जागा (ट्रॅव्हल) उरते ते. गोव्यात कायमचा रेसट्रॅक नाही. कोइंबतूरचा कारी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायचा तर शेकडो किलोमीटर त्याच सस्पेन्शनवर जायचं. वर्षातले चार दिवस ट्रॅकचे धरले, तरी उरलेले सगळे वाड्यावरच्या गतिरोधकांचे आणि पावसात उखडलेल्या डांबराचे.

ट्रॅव्हल संपेपर्यंत गाडी खाली आणणे

रस्त्यावरच्या हॅचबॅकला 25 ते 30 मिमी पुरे. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर लांब असतो. त्यावरून एवढी खाली आणलेली गाडी सावकाश, न घासता जाते. घरासमोर कुणी हौसेने घातलेला अरुंद उंचवटा मात्र कुठल्याच मानकात बसत नाही आणि ऑइल सम्पला (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला) मार बसतो तो तिथेच.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) असेल तर गाडी चाकांवर उभी असताना लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बघा. तो आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता हवा. चाकाकडे चढता दिसला तर गाडी जास्त खाली आली आहे : रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) घसरतो, वळणावर कलणं कमी होण्याऐवजी वाढू शकतं आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपसूक वळल्यासारखं वाटतं.

जागा मोजायची सोपी युक्ती म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर, सीलला टेकवून, एक केबल टाय हलकेच बांधायचा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून यायचं. टाय सरकून दर वेळी बंप स्टॉपला (दांड्यावरच्या रबरी अडथळ्याला) भिडत असेल तर गाडी वर घ्या. बंप स्टॉप कापून जागा 'काढू' नका, त्याने शॉकअपचा आतला वॉल्व्ह मार खातो. ही चाचणी एकट्या चालकासह करू नका. चवथीला घरची पाच माणसं आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान भरल्यावर मागचा भाग कुठे टेकतो, तेही कळायला हवं.

उंची स्प्रिंगच्या कॉलरने बदलणे

कॉइलओव्हरच्या दोन प्रकारांत घोळ होतो. ज्यात खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यात उंची ब्रॅकेटने बदलायची; स्प्रिंगचा कॉलर (तिला टेकू देणारी, आट्यांवर फिरणारी रिंग) फक्त प्रीलोडसाठी, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायला, आणि तो साधारण 0 ते 5 मिमी. असा कॉलर खाली फिरवून गाडी खाली आणली की चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल होते आणि गतिरोधक उतरताना 'टक्' आवाज येतो. लोक टॉप माउंट (स्ट्रटची वरची बैठक) बदलत बसतात. दोष कॉलरचा असतो. दुसऱ्या, साध्या प्रकारात कॉलरशिवाय पर्यायच नाही, तिथे निर्मात्याने दिलेली मर्यादा पाळा.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असतो. तिथे बहुधा स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे मागे खरा कॉइलओव्हर नसतोच.

'कडक तेवढं चांगलं' म्हणून स्प्रिंग निवडणे

हिशोब करून बघा. चालकासह पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेलायचं वजन 300 किलो धरू. रस्त्यावरच्या चपळ गाडीला 1.8 हर्ट्झच्या आसपासची वारंवारता (स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1.8 वेळा वर-खाली होणं) सोसते. त्यासाठी चाकापाशी सुमारे 38 न्यूटन प्रति मिमी लागतात. स्ट्रटच्या तिरकेपणामुळे स्प्रिंग थोडी जास्त हवी, म्हणजे सुमारे 42 न्यूटन, किंवा जाहिरातीतल्या मापात साधारण 4.3 किलो प्रति मिमी. जाहिरातीतली 8 किलोची स्प्रिंग त्याच गाडीला 2.4 हर्ट्झवर नेते. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालेल, पण आषाढात ओल्या, उंचसखल रस्त्यावर चाक जमीन सोडतं आणि पकड जाते. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा 10 ते 15 टक्के जास्त ठेवली की गतिरोधकानंतर गाडी मागे-पुढे डोलत नाही.

डॅम्पिंगच्या क्लिकने सगळं दुरुस्त करू पाहणे

डॅम्पिंगचा एकच नॉब असलेल्या सेटमध्ये तो मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडतानाचा विरोध, बदलतो. क्लिक नेहमी पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक टोकापासून मोजा. टोकाला जोर लावू नका, आतली सुई खराब होते. सुरुवात मध्यावर. एका वेळी दोन क्लिक, एकाच ॲक्सलवर, डावी-उजवीकडे सारखेच, आणि आकडे वहीत. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलली तर रिबाउंड वाढवा. ओळीने आलेल्या खड्ड्यांवर ती खालीखाली दबत गेली तर कमी करा, स्प्रिंगला परत उघडायला वेळ मिळत नाही. वळणावरचं कलणं क्लिकने आवरत नाही, ते काम स्प्रिंग आणि अँटी-रोल बारचं.

खारा वारा विसरणे

मिरामार, वास्को किंवा कोलव्याला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा भाग ब्रँडपेक्षा महत्त्वाचा. स्टीलच्या आट्यांवर ॲल्युमिनियमचा कॉलर, त्यात मीठ आणि ओल : दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि कॉलर जाम होतो. दोन पावसाळ्यांनंतर न फिरणारा कॉलर म्हणजे महागडं फिक्स्ड सस्पेन्शनच. शक्य असेल तर स्टेनलेस बॉडी घ्या. केडब्ल्यूची इनॉक्स-लाइन तशी आहे. नाहीतर बसवण्याआधी आट्यांना मेणयुक्त गंजरोधक लावा आणि वर आवरण चढवा.

किनाऱ्यावरून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरचा झोत सीलवर नको. पाऊस सरला की आटे नायलॉनच्या ब्रशने साफ करा. लाल मातीचा थर वायर ब्रशने खरवडला तर लेप निघतो. मग कॉलर एक फेरा खाली-वर फिरवून जागेवर आणा. कॉलर सोडण्याआधी गाडी जॅकवर घ्या. स्प्रिंगच्या ताणाखाली, कचकच वाळूत फिरवला तर ॲल्युमिनियमचे आटेच सोलवटतात. जाम असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल लावून रात्रभर ठेवा. छिन्नी-हातोडा नको.

टॉप माउंटला पिलोबॉल (रबराऐवजी धातूचा गोल सांधा) घेण्याचा मोहही आवरा. ट्रॅकवर तो नेमका चालतो. इथल्या पावसात मात्र लवकर खडखडू लागतो. रस्त्याला रबरच बरं.

बसवतानाची घाई

दांड्याच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावू नका. पोकळ दांडा गरगरतो आणि आतला ॲडजस्टर मोडतो. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उंची बदलली की अँटी-रोल बारच्या लिंक रॉडचा कोन बदलतो, तोही तपासा. नवी स्प्रिंग दबून स्थिर व्हायला साधारण 300 ते 500 किमी जाऊ द्या, पुन्हा उंची मोजा आणि मगच अलाइनमेंट. आधी केलं तर टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) परत बिघडतो आणि पैसे दोनदा जातात. रस्त्याला पुढे सुमारे उणे 1.5 अंश कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) आणि शून्य टो ही बरी सुरुवात. शेवटी हेडलाइट नीट करून घ्या, कारण नाक खाली गेलं की उजेडही जवळच पडतो.

खरेदीआधी एक चौकशी करा : मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा आरटीओत विचारा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा.