खासगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना: बेळगाव सीमाभागातल्या मराठी माणसासाठी

बेळगावात थेरपिस्टकडे, म्हणजे बोलण्यातून मनावर उपचार करणाऱ्याकडे, जायचं म्हटलं की पोटात पहिला गोळा येतो तो कुणीतरी बघेल याचा. टिळकवाडीत क्लिनिकचा जिना चढताना चुलतसासऱ्यांच्या ओळखीचं कुणी भेटलं, तर संध्याकाळपर्यंत अनगोळ ते येळ्ळूर बातमी! ही भीती खोटी नाही. गाव मोठं झालं तरी नातीगोती तेवढीच घट्ट आहेत. म्हणून त्या दाराआड काय होतं, काय विचारतात आणि आपण काय विचारू शकतो, हे आधी कळलेलं बरं.

आधी माणूस ओळखा

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते गोळ्या लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार आणि मानसशास्त्रीय चाचण्या करतात; त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या थेरपिस्टला राग येत नाही. 'काउन्सेलर' हा शब्द मात्र फार ऐसपैस वापरला जातो. पाटीवरून शिक्षण कळत नाही, म्हणून कुठली पदवी, कुठून आणि किती वर्षं काम, हे सरळ विचारा.

कित्येक दिवस झोप नाही, जेवण सुटलंय, कानात आवाज येतात किंवा जीव नकोसा वाटतो, असं असेल तर आधी सायकियाट्रिस्टकडे जा. थेरपी त्याच्या जोडीनं चालू ठेवता येते.

भाषेचं आधी बोला

या भागात आपली शाळा मराठीत होते, सरकारी कागद कन्नडमध्ये येतो आणि कॉलेज इंग्रजीत. कामापुरतं तिन्हींत निभावतं. पण आईशी भांडण ज्या भाषेत होतं, रडू ज्या भाषेत येतं, त्या भाषेत बोलायची मुभा थेरपीत हवीच. मी याबाबतीत हट्टी आहे. थेरपिस्ट कन्नडभाषक असतील आणि त्यांना मराठी नीट कळत असेल, तर काहीच अडचण नाही. बेळगावात असे पुष्कळ लोक आहेत. पण 'थोडं थोडं समजतं' एवढ्यावर थांबू नका. निपाणीकरांना त्यासाठी कोल्हापूर जवळ पडतं. खानापूरच्या आतल्या गावांतून दर आठवड्याला येणं जमत नसेल तर ऑनलाइन सेशन घेता येतं. मात्र एकत्र कुटुंबात बंद खोली मिळणं कठीण. घरचे बाहेर असतील ती वेळ ठरवा, कानात हेडफोन घाला आणि त्या जागी रेंज टिकते का, हे आदल्या दिवशी बघून ठेवा.

फोन किंवा मेसेज

सगळी कहाणी फोनवर सांगायची नसते. एवढं पुरतं:

'नमस्कार. मला पहिल्या भेटीसाठी वेळ हवी होती. तीन महिने झाले, झोप लागत नाही आणि कामात लक्ष लागत नाही. मराठीत बोललेलं चालेल ना? एका सेशनची फी किती, वेळ किती, आणि आयत्या वेळी येता आलं नाही तर काय नियम आहे?'

फी विचारायला संकोचू नका. सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं आणि सुरुवातीला बहुधा आठवड्याला एक. म्हणजे महिन्याला चार वेळा तो खर्च आणि येण्याजाण्याचं भाडं झेपेल का, ते आधीच बघा. न झेपल्यास पंधरा दिवसांनी यायचं किंवा फीमध्ये काही सवलत मिळेल का, हे विचारता येतं. आणखी एक बारीक गोष्ट: ऑनलाइन पैसे भरले आणि बँकेचा मेसेज नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर जात असेल, तर रोख द्या. आपलं आडनाव आणि गाव सांगून 'आमच्या घरच्यांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?' हेही याच फोनवर विचारा. जवळचा संबंध निघाला तर दुसऱ्या कुणाचं नाव सुचवणं, हे त्यांचं कामच आहे.

पहिला तास

बहुतेकांची निराशा इथंच होते, म्हणून सविस्तर सांगते. पहिल्या तासात सल्ला मिळत नाही, प्रश्न मिळतात. आधी एक फॉर्म आणि संमतीपत्र येईल. सही करण्यापूर्वी वाचा. ते इंग्रजीत असेल तर समजावून सांगायला लावा. मग 'आत्ताच यावंसं का वाटलं?' या अर्थाचा प्रश्न येतो. याचं तयार उत्तर लागत नाही. 'कुठून सुरू करू कळत नाही' म्हटलं तरी चालतं, बहुतेक जण तसंच सुरू करतात. पुढे झोप, भूक, काम, घरात कोण कोण, कुणाशी पटतं, कुणाशी नाही, दारू-तंबाखू, आधीचे आजार, चालू गोळ्या, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, असं सगळं विचारतात. थायरॉइडच्या दोषानंही मन खचतं, त्यामुळे रक्त तपासून या असं सांगितलं तर तो तुमच्या त्रासाला हलकं लेखणं नव्हे.

काही जण पीएचक्यू-९ नावाची, मन किती खचलंय ते मोजणारी प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं, याचे त्यात नऊ प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं पेन अडखळतं, पण खरं तेच लिहा. तसा विचार आला म्हणून कुणी तुम्हाला लगेच उचलून दवाखान्यात टाकत नाही. किती धोका आहे हे त्यांना समजून घ्यायचं असतं.

सोबत वहिनी किंवा आई आली असेल तर तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील. त्यांनी नाही सांगितलं तर तुम्ही सांगा. देवरुषाकडे जाऊन आला असाल, नवस बोलला असाल, तर तेही लपवू नका. चांगला थेरपिस्ट त्यावर हसणार नाही.

गुप्तता किती?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये माहिती गुप्त राहण्याचा हक्क लिहिलेला आहे. फी सासूबाई भरत असल्या तरी तुम्ही आत काय बोललात ते त्यांना सांगता येत नाही. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि १८ वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक शोषण, कारण पोक्सो कायदा, २०१२ नुसार ते कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत सांगायला हवेत.

गणपत गल्लीत खरेदी करताना थेरपिस्ट समोर आले आणि ओळख न दाखवता पुढे गेले, तर वाईट वाटून घेऊ नका. ते तुमच्यासाठीच तसं वागतात. अशा वेळी काय करायचं, हे दोघांनी आधी ठरवून घेतलेलं सोपं पडतं.

पुढची सेशन

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळून उद्दिष्ट ठरतं. 'बरं वाटावं' हे फार मोघम झालं. 'रात्री दोनला जाग येऊन शेताच्या कर्जाचा विचार सुरू होतो, तो आवरता यावा' हे पकडता येतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, या पद्धतीत गृहपाठ असतो: मनात आलेला विचार, त्या वेळची भावना आणि पुढे काय केलं, हे वहीत टिपायचं. वही घरच्यांच्या हाती लागेल अशी धास्ती असेल तर तेही बोला, दुसरा मार्ग काढतात. सीबीटी साधारण ६ ते २० सेशन चालते. जुन्या, खोल जखमांना जास्त वेळ लागतो. सुगीत किंवा उसाच्या तोडीत खंड पडणार असेल तर आधीच कल्पना द्या.

काही सेशननंतर मन आणखी जड होतं. हे पुष्कळांना होतं. लगेच गाडीला किक मारून घरी पळू नका, थोडं चाला, चहा घ्या. जडपणा दोन-तीन दिवस उतरलाच नाही तर पुढच्या भेटीत पहिलं तेच सांगा.

पटत नसेल तर

तीन-चार भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल तर तोंडावर सांगा. 'मला इथं अडखळल्यासारखं होतं' एवढं वाक्य पुरे. त्यावर पद्धत बदलता येते किंवा थेरपिस्ट बदलता येतो. मात्र दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी सांगणं, नको तो स्पर्श, उसने पैसे मागणं, 'लग्न कर, सगळं ठीक होईल' असा दबाव, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला लावणं, यातलं एकही दिसलं तर समजावत बसू नका, जाणं थांबवा.

पैसे नसतील किंवा वेळच नसेल

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो आणि भाषा निवडता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आत्महत्येचा विचार पक्का होत चालला असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच घटकेला १४४१६ लावा, किंवा घरातल्या एकाला उठवून थेट रुग्णालय गाठा.