लिनक्सवर डेस्कटॉप कुठला घ्यायचा, कसं ठरवायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चांगला चालता पीसी विंडोज ११ ला चालत नाही म्हणून तसाच पडून आहे असं बऱ्याच घरांत झालंय. सोलापुरात कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'काय करालास बे, नवीन घे की.' पण पोरांच्या अभ्यासाला आणि कारखान्यात चादरी-टॉवेलची बिलं काढायला तोच जुना डबा पुरतो, म्हणून माणूस विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकटच्या लिनक्सकडे वळतो आणि लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) च्या डाउनलोडच्या पानावरच अडकतो, कारण तिथं विचारतात सिनॅमन हवं, माटे हवं का एक्सएफसीई, आणि आपल्याला तर नुसतं लिनक्स पाहिजे होतं.

तर हे डेस्कटॉप एनव्हायर्नमेंट म्हणजे डोळ्यासमोर दिसतं ते सगळं, खालची पट्टी, मेनू, खिडक्या, फायली दाखवणारं अ‍ॅप, सेटिंग. खालचं इंजिन तेच राहतं. डेस्कटॉप बदलला तरी फायरफॉक्स तेच, लिब्रेऑफिस तेच, तुमच्या फायली तिथंच. त्यामुळे उगाच टेन्शन घेऊ नका, चुकलं तर बदलता येतं.

पहिलं, मशीन बघा. रॅम किती आणि आत हार्ड डिस्क आहे का एसएसडी, एवढ्या दोन गोष्टी. २ जीबी रॅम असेल तर एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप, तो लुबुंटू नावाच्या लिनक्समध्ये येतो, आणि जास्त अपेक्षा ठेवू नका. ४ जीबीला एक्सएफसीई किंवा माटे मस्त चालतं, सिनॅमनपण चालतं. ८ जीबी असेल तर कुठलंही घ्या, मग प्रश्न फक्त आवडीचा. लोक डेस्कटॉप किती रॅम खातो यावर तासन्‌तास भांडतात, पण हलक्या आणि जड डेस्कटॉपमधला फरक साधारण अर्धा ते एक जीबीचा असतो आणि तेवढी रॅम ब्राउझरचे चार-सहा टॅब सहज खाऊन टाकतात. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कितीही हलका डेस्कटॉप टाका, मशीन सुरू होताना रडणारच, तिथं आधी एसएसडी बसवा, डेस्कटॉपचं नंतर बघू.

दुसरं, त्या खुर्चीवर बसणार कोण? माझ्या मते खरा निर्णय इथंच होतो, स्क्रीनशॉट बघून नाही. वडील किंवा दुकानातला मुनीम बसणार असतील, ज्यांचा हात विंडोज ७ वर बसलाय, त्यांना लिनक्स मिंटचं सिनॅमन द्या, डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, काही शिकवावं लागत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, धंदा टॅलीवर चालत असेल तर ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, तो पीसी विंडोजवरच राहू द्या आणि घरच्यावर प्रयोग करा.

कॉलेजचं पोरगं असेल, सारखं काहीतरी उलटंपालटं करायची खाज असेल, तर केडीई प्लाझ्मा. त्यात पट्टी कुठंही हलवा, प्रत्येक गोष्टीला सेटिंग आहे, लई सेटिंग आहे खरं तर, आणि केडीई कनेक्टमुळे एकाच वायफायवर असलेल्या फोनवरून फायली इकडून तिकडे जातात. जीनोम वेगळ्या वळणाचं आहे. फेडोरा नावाच्या लिनक्समध्ये साधं जीनोम येतं, त्यात खिडकीला मिनिमाइजचं बटणसुद्धा नसतं, विंडोजचं चिन्ह असलेली की दाबायची आणि सगळं तिथून करायचं. उबुंटू नावाच्या लिनक्समध्ये तेच जीनोम, पण डाव्या बाजूला आयकॉनची पट्टी लावून दिलेली. लॅपटॉपच्या टचपॅडवर तीन बोटांनी मस्त चालतं, ज्यांना सवय लागते ते परत फिरत नाहीत, ज्यांना लागत नाही ते वैतागतात. २०११ मध्ये जीनोम ३ आलं तेव्हा असेच लोक वैतागले, आणि त्या रागातूनच जुनं जीनोम २ पुढे चालवणारं माटे आणि मिंटवाल्यांचं सिनॅमन निघालं. एक्सएफसीई या भांडणात पडलंच नाही, ते १९९६ पासून आहे, दिसायला जुनाट, पण अपडेटनंतर बटणं जागच्या जागी सापडतात. मला स्वतःला तेच आवडतं.

तिसरं, इन्स्टॉल न करता चालवून बघा. व्हेंटॉय नावाचं टूल पेनड्राइव्हवर टाका (पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आधी त्यातले फोटो दुसरीकडे कॉपी करून ठेवा), मग मिंट, कुबुंटू (केडीईवालं उबुंटू), झुबुंटू (एक्सएफसीईवालं उबुंटू), ज्यांच्या आयएसओ फायली, म्हणजे डाउनलोड केलेलं अख्खं लिनक्स, हव्यात त्या नुसत्या कॉपी करा. मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबायची, डेलला एफ १२, एचपीला एफ ९. यादी येईल, त्यातलं एक निवडा. पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणजे हळूच चालणार, तेव्हा स्पीडवरून निकाल लावू नका. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतंय का, प्रिंटर दिसतोय का, हे बघा. मग ज्याच्यासाठी करताय त्यालाच बसवा आणि काही न सांगता एक फाइल सेव्ह करायला लावा, फाइल सेव्ह करून परत शोधता आली तर डेस्कटॉप पास.

चौथं, कीबोर्ड. आपल्याकडे एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतं, म्हणून हे पेनड्राइव्हवरून चालवतानाच तपासा. कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन तिन्ही लेआउट जोडा. जीनोममध्ये विंडोज की आणि स्पेस दाबली की भाषा बदलते, एक्सएफसीईत बदलायची की आधी स्वतः ठरवून द्यावी लागते. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड लेआउट, त्याची गंमत म्हणजे ज्या कीवर मराठीत क, त्याच कीवर तेलुगूत క आणि कन्नडमध्ये ಕ, एक शिकलात की तिन्ही आले. मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी हवं असेल तर आयबस नावाचं टायपिंगचं टूल आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकावं लागतं. 'दुसऱ्या' आणि 'ज्ञानेश्वर' लिहून बघा, हे दोन नीट उमटले की फाँटची काळजी मिटली.

पाचवं, इन्स्टॉल झाल्यावर मन बदललं तर. आहे त्याच लिनक्सवर दुसरा डेस्कटॉप टाकता येतो, मग लॉगिनच्या पानावर छोट्या चिन्हातून किंवा यादीतून कुठल्यात जायचं ते निवडायचं. टाकताना मध्येच डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचं पान दाखवणारा प्रोग्रॅम) कुठला ठेवू असं कदाचित विचारेल, आधीचाच ठेवा. जीनोम आणि केडीई एकाच मशीनवर शक्यतो नको, दोन-दोन फाइल मॅनेजर, दोन-दोन सेटिंग, मेनूत नुसती गर्दी. तरी बघायचंच असेल तर नवीन युजर बनवून त्यात बघा, म्हणजे तुमच्या थीम-फाँटची खिचडी होत नाही. आणि त्याआधी टाइमशिफ्ट या टूलने सिस्टमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घ्या, मिंटमध्ये ते आधीपासूनच असतं. नवीन डेस्कटॉप काढून टाकला तरी त्याचे तुकडे मागे राहतात, स्नॅपशॉटवर परत गेलं की सिस्टम आधीसारखी होते. त्यात होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायली, धरलेलं नसतं, सांगितल्याशिवाय घेत नाही, म्हणून बिलं आणि फोटोंची कॉपी वेगळ्या डिस्कवर हवीच.