वेस्टर्न खोगिराची रिकीब पायाशी कशी जुळवावी

घोडेस्वारी शिकणाऱ्याला “टाच खाली, पाय मागे” असे दर दहा पावलांवर सांगावे लागत असेल, तर त्याला पुन्हा सांगण्याआधी घोडा थांबवून रिकीब, म्हणजे खोगिराला लोंबणारी पाय ठेवायची कडी, तपासावी. स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत असावी हे खरे. पण रिकीब चुकीच्या लांबीवर किंवा चुकीच्या दिशेने लोंबत असेल, तर ती रेषा टिकवण्यासाठी स्वाराला सतत स्नायू आवळून बसावे लागते आणि घोडा दुडकी धरताच पाय निसटतो. पाय जागेवर राहण्याचे काम आधी खोगिराने करायचे असते.

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या, खोगिरात रिकिबीला इंग्रजी खोगिरासारखा नुसता अरुंद पट्टा नसतो. पट्ट्यावर फेंडर नावाचा रुंद, जाड चामड्याचा पंखा असतो आणि स्वाराची मांडी व पोटरी त्यावर टेकते. गुरे राखण्यासाठी दिवसदिवस घोड्यावर बसणाऱ्यांकरिता हे खोगीर घडले, त्यामुळे यात पाय लांब आणि मोकळा सोडलेला असतो. याच जाड फेंडरमुळे एक अडचणही येते. नव्या खोगिराचा फेंडर घोड्याच्या बरगडीला सपाट चिकटून राहतो आणि रिकिबीचे तोंड पुढे येण्याऐवजी बाहेरच्या बाजूला राहते. स्वार पाय घालून ती सरळ करतो, पण चामडे मूळ जागी परतू पाहते आणि त्याचा पीळ घोट्यावर व गुडघ्यावर येतो.

माझ्या भाचीला नागावच्या किनाऱ्यावरच्या वाळूवर फेरी मारून उतरल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायची. मी महिनाभर रिकीब एक भोक वर, एक भोक खाली करत राहिलो. दोष लांबीत नव्हताच. एका संध्याकाळी ती उतरल्यावर मी रिकिबीकडे पाहत उभा राहिलो, तर पाय निघताच रिकीब गर्रकन फिरून घोड्याच्या पोटाशी सपाट झाली. म्हणून माझा आग्रह असा की दिशा आधी, लांबी नंतर.

दिशा बसवण्यासाठी खोगीर लाकडी घोडीवर (स्टँडवर) ठेवावे. फेंडरचा खालचा अर्धा भाग आणि त्यामागचा पट्टा कोमट पाण्याच्या फडक्याने दोन्ही बाजूंनी ओला करावा. चामडे लवचीक व्हावे, पण पाणी निथळू नये. मग रिकिबीची मागची कड बाहेरून पुढे आणत तिला पूर्ण अर्धा फेरा द्यावा. दुसऱ्या बाजूलाही तसेच करून दोन्ही रिकिबींतून बांबूची एक मजबूत काठी आरपार घालावी, म्हणजे त्या परत फिरणार नाहीत. फेरा गरजेपेक्षा जास्त वाटतो, पण काठी काढल्यावर चामडे थोडे मागे येते आणि रिकीब हवी तशी, म्हणजे पाव फेऱ्यावर, स्थिरावते. खोगीर पडवीत सावलीत वाळू द्यावे. खळ्यातल्या उन्हात ठेवले तर चामडे कडक होऊन पिळाच्या जागी तडकते. एका खेपेत न जमल्यास हेच पुन्हा करावे. आपल्याकडे हे काम थंडीत उरकावे, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत ओले चामडे वाळत नाही, त्यावर बुरशी धरते.

आता लांबी. जमिनीवर उभे राहून बोटांची टोके खोगिराच्या बैठकीच्या कडेला, फेंडर जिथून सुरू होतो तिथे टेकवावीत आणि दुसऱ्या हाताने रिकीब काखेकडे ओढावी. तिचा तळ काखेत पोहोचला तर अंदाज बरोबर आला असे धरावे. हा फक्त अंदाज आहे, हातापायांचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते. नंतर स्वाराने बसून पाय रिकिबीबाहेर सैल सोडावेत, तेव्हा रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाजवळ यावा. शेवटी चवडे रिकिबीत ठेवून उभे राहावे. बैठक आणि स्वार यांच्यात आडवी चार बोटे मावली की लांबी योग्य. रिकीब फार लांब असेल तर स्वार चवड्याने ती शोधत राहतो, टाच वर जाते आणि पोटरी लोंबकळते. फार आखूड असेल तर गुडघा पुढे येतो, पावले घोड्याच्या खांद्याकडे जातात आणि स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो.

लांबी बदलण्यासाठी बहुतेक वेस्टर्न खोगिरांच्या पट्ट्याला ब्लेव्हिन्स बकल असते; यात पट्ट्याच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्या आणि त्यांवर सरकणारे आवरण असते. फेंडर उचलून आतल्या बाजूचे धातूचे सरकते आवरण बाजूला करावे, रिकीब एका हाताने तोलून धरावी, म्हणजे पट्ट्यावरचा ताण जातो, आणि खुंट्या जुन्या भोकांतून काढून नव्या भोकांत बसवाव्यात. आवरण परत पूर्ण सरकवले आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. अर्धवट राहिले तर खुंट्या भर दुडकीत सुटतात. खाऱ्या हवेत हे आवरण गंजून अडकते. किनाऱ्यावरून परतल्यावर बकल ओलसर फडक्याने पुसून कोरडे करण्याची सवय ठेवावी. चामड्याला तेल मात्र बेताने लावावे, कारण जास्त तेलाने पट्टा मऊ पडतो आणि ताणतो.

पायात टाच असलेले बूट हवेत आणि रिकीब बुटापेक्षा साधारण बोटभर रुंद हवी. पर्यटक चपलांवर घोड्यावर बसतात हे पाहून माझा जीव खालीवर होतो. बिनटाचेचे पाऊल रिकिबीतून आरपार सरकते, आणि स्वार पडला तर पाय अडकून तो फरफटत जातो. बूट नसतील, तर निदान पुढून चामड्याने झाकलेली रिकीब तरी वापरावी.

नवी लांबी ओहोटीच्या वेळी, पाण्यालगतच्या घट्ट वाळूवर तपासावी. भुसभुशीत वाळूत घोड्याचे पाय रुततात, त्याची चाल बदलते आणि नेमके काय चुकले ते कळत नाही. चालत्या घोड्यावर रिकिबीत उभे राहून दहा पावले तोल सांभाळता आला, तर पाय स्वाराच्या खाली आहेत. मागे कोसळायला झाले, तर पाय पुढे गेले आहेत.

दोन्ही बाजूंची भोके मोजून थांबू नये. स्वार डावीकडून चढतो, त्यामुळे डावा पट्टा जास्त ताणला जातो आणि भोके सारखी असूनही डावी रिकीब खाली येते. टेपने मोजावे. फरक एका भोकाहून कमी असेल, तर खिळ्याने मधे भोक पाडण्याचा मोह टाळावा, कारण भोकांमधले अंतर बकलाच्या खुंट्यांशी तंतोतंत जुळावे लागते. ते काम चामड्याच्या कारागिराकडून करून घ्यावे. गणपती उरकले आणि खोगीर माळ्यावरून खाली आले की मी तंग (घोड्याच्या पोटाखालचा पट्टा) बांधण्याआधी डावी-उजवी दोन्ही मापे घेतो. गेल्या वेळी डावी अर्धा बोट खाली उतरलेली निघाली.