कामावरून सुटून इंग्रजीच्या वर्गाला जाताय? मग एवढं करा

चिंचवडमध्ये संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात मी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेते. समोर भोसरीच्या वर्कशॉपमधले सीएनसी ऑपरेटर असतात, सोसायट्यांचे सिक्युरिटी गार्ड असतात, पार्लर चालवणाऱ्या बायका असतात आणि मुलांच्या शाळेतल्या पालकसभेत दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून येणाऱ्या आयाही असतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत गेलेल्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. त्यामुळे या मंडळींना दुकानाची पाटी वाचता येते, फॉर्म भरता येतो, समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतंही. अडतं ते तोंड उघडताना. तुमचंही असंच असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

फी भरण्याआधी एक दिवस वर्गात नुसतं बसून या. बसू देत नसतील, तर तो वर्ग सोडून द्या. बसलात की घड्याळाकडे बघा आणि विद्यार्थी किती वेळ बोलतात ते मोजा. साधा हिशोब आहे. वर्ग दीड तासाचा, विद्यार्थी वीस. निम्मा वेळ शिक्षक बोलले आणि उरलेल्या पाऊण तासात एकेकाला उभं केलं, तर तुमच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात. तोच पाऊण तास दोघादोघांच्या जोड्या करून बोलायला लावलं, तर वीस-बावीस मिनिटं मिळतात. फळ्यावरचा बारा काळांचा तक्ता वहीत सुबक उतरवून घेणं हे काम घरी होतं. दुसऱ्या माणसाशी बोलणं घरी होत नाही, म्हणून वर्गाचा वेळ त्यासाठीच ठेवणारे शिक्षक शोधा.

‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ अशा जाहिरातींवर विसंबू नका. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज असा, की रोजच्या साध्या व्यवहारापुरतं इंग्रजी, म्हणजे ए-टू पातळी, यायला शिक्षकाच्या हाताखाली 180 ते 200 तास लागतात आणि त्यापुढच्या बी-वन पातळीपर्यंत एकूण 350 ते 400. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास धरला, तर 180 तासांना साठ आठवडे होतात. सणवार, ओव्हरटाइम, घरचं आजारपण धरून दीड वर्ष मनाशी पक्कं करा. हा आकडा मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण तिसऱ्या महिन्यात ‘मला जमत नाही’ म्हणून वर्ग सोडणाऱ्यांचं बहुतेक वेळा अगदी व्यवस्थित चाललेलं असतं.

आता मुख्य काम. पुस्तकातल्या धड्याआधी स्वतःच्या कामातली वाक्यं मागा. एक दिवस खिशात कागद ठेवा आणि कामावर जिथे जिथे इंग्रजीवाचून अडलं, तिथे काय म्हणायचं होतं ते मराठीत लिहून आणा. माझ्या वर्गात क्वालिटी विभागातला एक मुलगा असा कागद घेऊन आला होता. त्याला चेन्नईच्या कस्टमरचा फोन घ्यावा लागायचा. कागदावर तीनच ओळी होत्या: बोअर (पार्टमधलं भोक) दोन शतांश मिलिमीटरने मोठा झालाय, पाच पीस रिजेक्ट केलेत, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठवतो. आम्ही त्याची वाक्यं केली. ‘द बोअर इज ओव्हरसाइझ बाय पॉइंट झिरो टू. वी हॅव रिजेक्टेड फाइव्ह पीसेस. वी विल सेंड द रिपोर्ट बाय इव्हनिंग.’ मग दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला कस्टमर केलं. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून सरावातही दिसता कामा नये.

पाठ केलेली तीन वाक्यं त्याने झटक्यात म्हटली. अडला तो पुढच्या प्रश्नाला. कस्टमर झालेल्याने विचारलं, ‘हाउ मेनी पीसेस आर ओके? फिफ्टीन?’ आणि याला फिफ्टी ऐकू आलं. हा गोंधळ फोनवर फार होतो. फिफ्टीनमध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर असतो, फिफ्टीमध्ये पहिल्या ‘फिफ’वर, आणि मराठीत असा जोर ऐकायची आपल्या कानाला सवय नाही. त्यावरचा उपाय त्याला दिला तोच तुम्हालाही देते. शंका आली की लगेच विचारायचं: ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ आणि अख्खं वाक्य निसटलं तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ ही दोन वाक्यं पहिल्या आठवड्यातच तोंडात बसली पाहिजेत. ज्याला पुन्हा विचारता येतं, त्याला फोनची धास्ती वाटत नाही.

मराठी बोलणाऱ्यांच्या काही सवयी इंग्रजीत जशाच्या तशा उतरतात. त्यातली सगळ्यात चिवट सवय आदराची. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायची जीभ ‘सर आर इन अ मीटिंग’ म्हणते. आमच्या वर्गातले एक गार्डकाका तर सरळ म्हणाले, “मॅडम, चेअरमनसाहेबांना ‘इज’ म्हणायचं म्हणजे अरेतुरे केल्यासारखं वाटतं.” त्यांचं वाटणं मला पूर्ण कळतं, पण इंग्रजीत एक माणूस म्हणजे ‘इज’च, मग ते चेअरमन असोत की राष्ट्रपती. आदर तिथे दुसरीकडे असतो. ‘गिव मी युअर नेम’ ऐवजी ‘मे आय हॅव युअर नेम, प्लीज?’ म्हटलं की तो पोचतो. काकांनी गेटवर लागणारी अशी वाक्यं वेगळ्या पानावर काढली आणि पाहुण्यांशी ती बोलू लागले.

दुसरी सवय प्रश्नाची. ‘तुम्ही कुठे राहता?’चं ‘व्हेअर यू आर लिव्हिंग?’ होतं, कारण इंग्रजी प्रश्नातल्या ‘डू’सारखं मराठीत काहीच नाही. यासाठी नियम पाठ करू नका. शेजाऱ्याला रोज पाच प्रश्न विचारा, सगळे ‘डू यू’ किंवा ‘डिड यू’ने सुरू होणारे. ‘डिड’ आला की पुढे ‘गो’च, ‘डिड यू वेंट’ नाही. पंखा, गाडी, मशीन यांना ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणणंही पहिल्या महिन्यातच सोडा. गुडघा दुखत असेल तर ‘माय नी हर्ट्स’ म्हणा, ‘इज पेनिंग’ नको. ‘अ, ॲन, द’च्या मागे मात्र पहिले सहा महिने लागू नका. ते चुकलं तरी तुमचं म्हणणं पोचतं, आणि तिथे लागणारा वेळ बोलण्याला जास्त उपयोगी पडतो.

उच्चारांत दोनच गोष्टी आधी धरा. एक म्हणजे ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसं पाळत नाही. सुट्टी मागताना ‘लीव्ह’चा ‘ली’ लांबवा, ओठ थोडे ताणा. दुसरी ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’. मराठीत आपण ‘व्ह’ आणि ‘व’ वेगळे लिहितोच. आता तोंडातही वेगळे करा. ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘व’ला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर केलंत की लगेच दिसतं. वहीत उच्चार देवनागरीत लिहायला काही शिक्षक मनाई करतात. मी करत नाही. आपल्याकडे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत, त्यांनी पुष्कळ काम होतं. फक्त उच्चार ऐकून लिहा, स्पेलिंग बघून लिहू नका, नाहीतर ‘वेन्झडे’चं ‘वेडनेसडे’ होऊन बसतं.

सेकंड शिफ्ट लागली की आठवडाभर वर्ग बुडतो. तेव्हा वर्गातल्या जोडीदाराची वही उतरवत बसू नका. त्याला व्हॉट्सॲपवर रोज एक मिनिटाचा आवाज पाठवा, त्यात आज कामावर काय झालं एवढंच इंग्रजीत सांगा, आणि तोही तसाच पाठवेल असं आधी ठरवून घ्या. जोडीदार निवडताना जिवलग मित्र टाळा, त्याच्याशी मराठीच सुरू होते. कंपनीच्या बसमध्ये ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा-सहा मिनिटांचे कार्यक्रम फुकट आहेत, सोबत लिखित मजकूरही मिळतो. रोज नवा भाग लावण्यापेक्षा एकच भाग आठवडाभर ऐका: आधी नुसता, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा नुसता. सुरुवातीला तो अवघड जाईल; तसं झालं तर पहिली दोनच मिनिटं घ्या.

पंचेचाळिशीत बाकावर बसायची लाज वाटते, असं मला पुष्कळजण दबक्या आवाजात सांगतात. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली ती 1855 साली. दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला बसणाऱ्यांची या भागातली रांग इतकी जुनी आहे. तेव्हा पुढच्या बाकावर बसा. मागे बसलात तर माझं बोलणं ऐकू येईल, पण तुमचं मला येणार नाही, आणि मग मी दुरुस्त काय करणार?

दुरुस्तीचंही आधी बोलून घ्या. प्रत्येक चुकीला थांबवलं तर माणूस गप्प होतो, आणि मुळीच थांबवलं नाही तर चूक घट्ट बसते. शिक्षकांना सांगा, ‘मी बोलून होईपर्यंत थांबा, मग दोन चुका सांगा.’ त्या दोन चुका वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा. महिन्याने ते पान जोडीदाराच्या हातात द्या आणि त्यातल्या प्रत्येक चुकीवर एक प्रश्न विचारायला सांगा. जे अजून चुकतंय, ते घेऊन दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी शिक्षकांना गाठा.